वाचनालयाच्या स्कॅनसाठी लिनक्सवर डिस्क मिररिंग: कामाच्या नोंदी आणि वाचनाच्या वेगाची मोजमापं

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात जुनी मासिकं आणि इथल्याच छापखान्यांतून निघालेली पुस्तकं स्कॅन करायचं काम चालू आहे. कागद इतका ठिसूळ झालाय की बांधणी उसवून एकदा स्कॅन केलेलं पान पुन्हा काचेवर ठेवायचं धाडस होत नाही. म्हणजे स्कॅनची फाइल हीच यापुढे मूळ प्रत. आतापर्यंत या फाइली एका लॅपटॉपवर आणि दोन-तीन पेनड्राइव्हवर विखुरलेल्या होत्या. त्या एका जागी, दोन डिस्कवर, एकाच वेळी लिहिल्या जाव्यात (मिररिंग ते हेच) म्हणून हे मशीन. अशाच कामाला कुणी हात घालणार असेल तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून नोंदी ठेवतो आहे.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

मशीन देणगीतलं आहे: जुना आय-थ्री, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी १२० जीबीची एसएसडी. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आधीच टाकलंय. मिररसाठी ४ टीबीच्या दोन डिस्क मागवल्या, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन डिस्क एकाच सुमारास जायची भीती असते. दोन्ही मिळून १९ हजारांच्या आसपास खर्च.

४ टीबी का, तर हिशोब असा: डेमी आकाराचं पान ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की न दाबलेली टिफ फाइल सुमारे २२ एमबीची होते. तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे साडेसहा जीबीच्या वर. साधारण सहाशे पुस्तकं मावतील.

दोनपैकी एक डिस्क परत पाठवावी लागली. खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पण मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात शोधला तेव्हा ती एसएमआर निघाली. एसएमआरमध्ये ट्रॅक एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचा पट्टाही पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. पण मिररची एक डिस्क गेल्यावर नवी भरायला घेतली की सलग तासन् तास लिहावं लागतं आणि तिथे अशा डिस्कचा वेग कोसळतो. कधी ती इतकी अडकते की कर्नल (लिनक्सचा गाभा) तिला मिररच्या जोडीतून, म्हणजे अ‍ॅरेतून बाहेर काढतो. डिस्क घेताना मॉडेल क्रमांकापुढे ‘सीएमआर’ (ट्रॅक एकावर एक न चढवणारी) असल्याची खात्री करूनच पैसे द्या. या एका कारणाने आठवडा गेला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बदली डिस्क आली. दोन्ही जोडल्या. सिस्टिममध्ये त्या एसडीबी आणि एसडीसी म्हणून दिसतात, एसएसडी एसडीए आहे.

काही लिहायच्या आधी दोन्हींवर स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या आज्ञेने लांब चाचणी लावली. ४ टीबीला आठ-नऊ तास लागतात, पण दोन्हींवर एकाच वेळी चालते, म्हणून रात्रभर सोडून दिली. बॅडब्लॉक्सची लिहून तपासणारी चाचणी जास्त कडक आहे, पण ती चार नमुने लिहिते आणि चारही परत वाचते. एवढ्या डिस्कला त्यात तीन दिवस जातात. तेवढं थांबणं शक्य नव्हतं.

आणखी एक गोष्ट पाहून घेतली: खराब सेक्टर वाचताना डिस्क किती वेळ धडपडते. एनएएससाठीच्या (नेटवर्कवरच्या फाइल-साठ्यासाठी बनवलेल्या) डिस्क सात सेकंदांत हात टेकतात आणि ‘वाचता आलं नाही’ असं सांगतात. मग मिरर दुसऱ्या डिस्कवरून तो तुकडा आणून खराब जागी पुन्हा लिहितो. साध्या डेस्कटॉप डिस्क मात्र मिनिट-दोन मिनिटं धडपडत राहू शकतात. कर्नल तीस सेकंद वाट पाहतो, मग ती डिस्क मेली असं धरून लिंक रिसेट करतो. एका खराब सेक्टरपायी चांगली डिस्क बाहेर पडते ती अशी. स्मार्टसीटीएलमध्ये ‘एससीटी-ईआरसी’ (हाच धडपडीचा वेळ) विचारलं, दोन्हींवर सात सेकंद दिसले. तुमच्याकडे ही सोय नसलेली डिस्क असेल तर सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंगच्या फाइली जिथे दिसतात तिथल्या) त्या डिस्कच्या ‘टाइमआउट’ फाइलमध्ये ३० च्या जागी १८० लिहा आणि दर बूटला ते लागू होईल अशी व्यवस्था करा.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चाचण्यांचे निकाल स्वच्छ. दोन्ही डिस्कवर जीपीटी (पार्टिशनचा तक्ता), एकेक पार्टिशन, शेवटी एक जीबी मोकळा सोडून. उद्या बदली आणलेली डिस्क काही सेक्टरने लहान निघाली तर अ‍ॅरे तिला घ्यायला नकार देते, तेव्हा हा मोकळा जीबी उपयोगी पडतो.

एमडीअ‍ॅडमने (अ‍ॅरे बनवणारी, सांभाळणारी आज्ञा) अ‍ॅरे केली: लेव्हल १ (रेड-१, म्हणजे साधी मिरर), दोन डिस्क, मेटाडेटा १.२, अंतर्गत बिटमॅप (कुठे कुठे लिहिलं जातंय याची नोंद). शंभर जीबीच्या वरच्या अ‍ॅरेला बिटमॅप आपोआप जोडला जातो, तरी मी स्पष्ट लिहिला. लगेच रिसिंक (दोन्ही डिस्क सारख्या करणं) सुरू झालं. एमडीस्टॅटमध्ये (मिररची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) टक्केवारी आणि ‘अजून इतकी मिनिटं’ दिसतं. सुरुवातीला वेग १७० एमबीच्या पुढे होता, म्हणून अंदाज साडेसहा तासांचा दाखवत होता. तो अंदाज धरून चालू नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेला ट्रॅक लांब असतात, आतल्या बाजूला आखूड. शेवटी शेवटी वेग जवळजवळ निम्मा होतो. प्रत्यक्षात साडेआठ तासांवर गेलं.

कोऱ्या डिस्क आहेत तर ‘अझ्यूम-क्लीन’ देऊन रिसिंक टाळता येतं. मी टाळलं नाही. एका डिस्कचा सगळा पृष्ठभाग वाचला जातो, दुसरीचा लिहिला जातो. नव्या डिस्कला एवढी कसरत हवीच.

रिसिंक चालू असतानाच मोजमापाला हात घातला. त्यातून हाती आलेले आकडे सगळे फेकून द्यावे लागले, पण का ते लिहितो, कारण अनेकांचं इथेच चुकतं.

पहिला प्रकार: डीडी या आज्ञेने दोन जीबी वाचून पाहिले. पहिल्यांदा काहीतरी बरा आकडा आला, दुसऱ्यांदा सेकंदाला दोन जीबीच्या वर. तो वेग डिस्कचा नाही, रॅमचा आहे. आठ जीबी रॅममध्ये ते दोन जीबी आधीच बसलेले होते. दर मोजणीआधी पेज कॅशे (रॅममध्ये राहिलेला, आधी वाचलेला डेटा) रिकामा करायला हवा, किंवा एफआयओ या मोजमापाच्या प्रोग्रामने ‘डायरेक्ट’ लावून कॅशे वगळूनच वाचायला हवं.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. कॅशे टाळून, एकाच वेळी दोन ठिकाणांहून वाचलं, तरी आयओस्टॅटमध्ये (एकेका डिस्कवरचं काम दाखवणारी आज्ञा) वाचन जवळजवळ सगळं एसडीबीवरच दिसत होतं. एसडीसीवर फक्त रिसिंकचं लेखन. मिररिंग नीट झालेलं नाही असं वाटेल, पण हे बरोबरच आहे. जिथवर रिसिंक पोचलेलं आहे तेवढ्याच भागात दोन्ही प्रती सारख्या आहेत. त्याच्या पुढे वाचायचं तर कर्नल पहिल्या डिस्कवरूनच वाचतो, नाहीतर एकाच पत्त्यावर दोन वेळा दोन वेगळी उत्तरं यायची. सगळीकडे वाटणी सुरू होते ती रिसिंक संपल्यावर. तोवरची मोजमापं म्हणजे बहुतेक एका डिस्कचीच, तीही रिसिंकच्या ओझ्याखालची.

१८ नोव्हेंबर, सोमवार

एमडीस्टॅटमध्ये चौकटी कंसात दोन्ही ‘यू’ उभे, म्हणजे दोन्ही डिस्क चालू. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तर अ‍ॅरे एमडी० या नावाने न येता एमडी१२७ म्हणून आली. डेटाला काही होत नाही, फक्त नाव बदलतं. पण एफस्टॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) जुनं नाव असेल तर बूट अडकतो. उपाय ठरलेला आहे: एमडीअ‍ॅडमच्या ‘डिटेल-स्कॅन’ने दिलेली ओळ त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये टाकायची, मग इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बनवायचं. दुसरी पायरी राहिली की पहिलीचा उपयोग नाही, कारण बूटच्या वेळी अ‍ॅरे जोडते ती इनिट्रॅमएफएसमधली जुनी प्रत. एफस्टॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख-क्रमांक) लिहायचं ठरवलं, सोबत ‘नोफेल’, म्हणजे अ‍ॅरे आली नाही तरी मशीन उठेल आणि दुरून लॉग-इन करता येईल.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. वाचनालय बंद, मत देऊन आलो आणि दिवसभर मोजमापच केलं. फाइल सिस्टिम अजून टाकलेली नाही. एफआयओने थेट ब्लॉक डिव्हाइसवरून, एक एमबीचे तुकडे, फक्त वाचन.

एकटी एसडीबी, सुरुवातीच्या भागात: सेकंदाला सुमारे १७८ एमबी. शेवटच्या भागात ८८. एसडीसी थोडी मागे, १७० आणि ८४.

मिरर, एकच वाचक, सुरुवातीचा भाग: १७५.

स्कॅनिंगला येणारा कॉलेजचा मुलगा शेजारी बसला होता. त्याचा प्रश्न अगदी रास्त: “दादा, दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तेच आहे, मग दुप्पट का नाही आलं?”

पुस्तकाच्या दोन प्रती असल्या की दोन वाचकांना एकाच वेळी देता येतात, पण एकाच वाचकाचं वाचन त्यामुळे भरभर होत नाही, असं त्याला सांगितलं. त्याने पुढचा प्रश्न टाकला, तोही रास्त: मग विषम पानं एका प्रतीतून आणि सम दुसरीतून का नाही वाचायची? कारण डिस्क फिरती आहे. सलग लिहिलेल्या तुकड्यांतला एकाआड एक सोडायचा म्हटलं, तरी सोडलेला तुकडा हेडच्या खालून जायलाच हवा. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. तुकडा वाचला काय, नुसता जाऊ दिला काय, वेळ तेवढाच. म्हणून कर्नल एका सलग वाचकाला एकाच डिस्कवर ठेवतो, आणि सलग नसलेली मागणी आली तर ज्या डिस्कचं हेड त्या जागेच्या जवळ असेल तिला देतो. हेड प्रत्यक्ष कुठे आहे हे त्याला दिसत नाही. शेवटचा कुठला सेक्टर मागितला होता यावरून धरून चालतो. एसएसडीच्या मिररमध्ये हेडच नसतं, तिथे ज्या डिस्कपुढे कमी मागण्या थकल्यात तिला काम मिळतं. कर्नल ३.६ पासून तसं आहे.

मग दोन वाचक, अ‍ॅरेच्या दोन दूरच्या भागांतून. इथे मिरर आपला गुण दाखवते. एकट्या डिस्कवर दोन वाचक सोडले तर हेड इकडून तिकडे धावतं आणि दोघांचं मिळून १०० एमबीच्या आसपासच निघतं. मिररवर दोघांचं मिळून ३०० च्या थोडं वर. आयओस्टॅटमध्ये दोन्ही डिस्क नव्वदच्या पुढे व्यस्त, दोन्हींवर वाचन जवळजवळ सारखं. एक वाचक एका डिस्कवर बसला, दुसरा दुसरीवर, आणि तिथून हलले नाहीत. पाहून समाधान वाटलं.

चार वाचक: एकूण १९० च्या घरात. दोन डिस्कमध्ये चार जण म्हणजे प्रत्येकीवर पुन्हा धावाधाव. याकडे नंतर बघायचं.

संध्याकाळी अ‍ॅरे मोडून त्याच दोन डिस्कवर रेड-१० केली, ‘फार’ मांडणीत, दोन प्रती. दोन डिस्कवर रेड-१० होते हे अनेकांना माहीत नसतं. यात डिस्कच्या पहिल्या अर्ध्यात डेटा दोन डिस्कवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरतो आणि दुसरी प्रत उलटसुलट करून मागच्या अर्ध्यात जाते. रिसिंक रात्रभर.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

‘फार’ मांडणीचे आकडे. एक वाचक: ३३० च्या आसपास. अ‍ॅरेच्या शेवटच्या भागातही २४० च्या वर, कारण कर्नल पहिली प्रत वाचतो आणि ती सगळी डिस्कच्या बाहेरच्या, वेगवान अर्ध्यात असते. ज्याला एकच मोठी फाइल सलग वाचायची आहे, व्हिडिओ संपादनासारखं काम आहे, त्याने ही मांडणी जरूर करून पाहावी.

लेखन मात्र पडलं. साध्या मिररवर १६५, इथे ११०. एकाच गोष्टीच्या दोन प्रती डिस्कच्या दोन टोकांना लिहायच्या, हेडला प्रत्येक वेळी अर्धी डिस्क ओलांडावी लागते.

तरी ही मांडणी ठेवली नाही. कारणं दोन, आणि दुसरं जास्त वजनाचं.

नेटवर्क गिगाबिटचं आहे. त्यातून फार तर ११५ एमबी निघतात. स्कॅन पाहणारा, पानं कापणारा, सगळे नेटवर्कवरून येतात. त्यांच्यापर्यंत ३३० कधी पोचणारच नाही. मशीनच्या आतच चालणारं एकमेव काम ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं), आणि ते करणाऱ्या टेसरॅक्टला एक पान वाचायला काही सेकंद लागतात. तिथे प्रोसेसर थकलेला असतो, डिस्क निवांत असते.

दुसरं असं. रेड-१ मधली कुठलीही एक डिस्क उचलून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावली की सगळ्या फाइली तिच्यावर सलग, पूर्ण असतात. मी नसताना, मशीन जळाल्यावर, कुणी तिऱ्हाईत माणूसही त्या काढू शकेल. ‘फार’ मांडणीतही एका डिस्कवर सगळं असतं, पण तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. रेड-१० चा ड्रायव्हर आणि नीट मेटाडेटा असल्याशिवाय ते जुळत नाही. शिवाय ही मांडणी पुढे वाढवता येत नाही. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्क एकामागून एक मोठ्या घालून अ‍ॅरे मोठी करता येते. ज्या पानांची मूळ प्रत राहिलेली नाही, त्यांच्यासाठी मला सर्वांत सरळ गोष्ट हवी आहे.

परत रेड-१. परत रिसिंक.

२४ नोव्हेंबर, रविवार

फाइल सिस्टिम ईएक्सटी४. रूटसाठी पाच टक्के जागा राखून ठेवायची मूळची पद्धत आहे, ४ टीबीवर ती २०० जीबी होते, म्हणजे तीस पुस्तकं. एक टक्क्यावर आणली. माउंट करताना ‘नोएटाइम’, नाहीतर नुसतं वाचलं तरी फाइलची वाचनाची वेळ अधूनमधून लिहिली जाते, तीही दोन डिस्कवर.

माउंट केल्यावर कुणी काही लिहीत नसताना आयओस्टॅटमध्ये दोन्ही डिस्कवर थोडं थोडं लेखन दिसत राहिलं. आयओटॉपने नाव सांगितलं: ईएक्सटी४लेझीइनिट. फाइल सिस्टिम बनवताना आयनोडचे (फाइलींच्या नोंदींचे) तक्ते पूर्ण लिहिले जात नाहीत, ते काम माउंट झाल्यावर पाठीमागे हळूहळू चालतं. ते संपेपर्यंत वेगाचे आकडे घेऊ नका.

लॅपटॉपवरून आणि पेनड्राइव्हवरून सगळं आणलं. प्रत्येक फाइलचा शा-२५६ (मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून दोन्हीकडे ताडून पाहिला. मिरर दोन डिस्क सारख्या ठेवते. मुळात आलेली फाइल बरोबर होती की नाही, हे तिला कळायचं कारण नाही. एका पेनड्राइव्हवरच्या काही फाइलींचे आकडे जुळले नाहीत. सुदैवाने त्या लॅपटॉपवर धड होत्या.

आता चार वाचकांचा प्रश्न. प्रत्यक्षातही तेच होणार: दोघे जण नेटवर्कवरून, ओसीआरच्या दोन प्रक्रिया आतून. अ‍ॅरेचा रीड-अहेड (मागितल्याच्या पुढचं आधीच किती वाचायचं ते) पाहिला, तो २५६ सेक्टर होता, म्हणजे १२८ केबी. म्हणजे हेडने इकडून तिकडे उडी मारायची आणि हाती इतकंसं घेऊन परतायचं. ब्लॉकडेव्हने तो ४०९६ सेक्टर केला, म्हणजे दोन एमबी. चार वेगळी पुस्तकं चार जणांना एकदम वाचायला लावली, अर्थात कॅशे रिकामा करून. आधी एकूण १८५ होतं, आता २६५. दोन वाचकांना विशेष फरक नाही, एकाला मुळीच नाही. आठ एमबीपर्यंत वाढवून पाहिला, आणखी काही मिळालं नाही. उलट लघुचित्रांचा फोल्डर उघडताना नको तेवढं वाचलं जाऊ लागलं. दोन एमबीवर ठेवला.

ही सेटिंग बूटनंतर टिकत नाही. यूडेव्हमध्ये (डिव्हाइस दिसताच सेटिंग लावणारी व्यवस्था) नियम लिहिला. तो अ‍ॅरेला लावायचा, खालच्या डिस्कना नाही. फाइल सिस्टिम वरच्या डिव्हाइसचाच आकडा पाहते.

२७ नोव्हेंबर, बुधवार

फोन आला, “फाइली उघडायला वेळ लागतोय.” एमडीस्टॅट ठीक, दोन्ही यू. आयओस्टॅटमध्ये मात्र एसडीसीला एकेका मागणीला लागणारा वेळ मधूनच शेकडो मिलिसेकंदांवर जात होता. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) त्याच पोर्टवर लिंक रिसेट झाल्याच्या ओळी. स्मार्टमधली (डिस्कने स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींतली) १९९ क्रमांकाची नोंद, यूडीएमए सीआरसी एरर, सुरुवातीला शून्य होती. आता ४७.

ही नोंद वाढते तेव्हा बहुधा डिस्क निर्दोष असते, दोष तारेत असतो. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिट बिघडतात. तार देणगीतल्या मशीनसोबत आलेली, बिनाखटक्याची होती आणि टोकाला हलत होती. खटका असलेल्या दोन नव्या तारा आणल्या, दोन्ही डिस्कच्या बदलल्या. अडीचशे रुपये. आकडा ४७ वरच थांबला. तो परत शून्य होत नाही, म्हणून तारखेसह लिहून ठेवला आहे.

मिररच्या वेगाबद्दल यातून लक्षात ठेवायचं ते हे: वाचन दोन डिस्कमध्ये वाटलेलं असतं, त्यामुळे एक डिस्क रेंगाळली की तिच्या वाट्याला आलेला वाचक रेंगाळतो आणि दुसऱ्याचं सुरळीत चालतं. तक्रार येते ती ‘कधी कधी हळू होतं’ अशी. अशा वेळी अ‍ॅरेकडे न बघता एकेका डिस्कचे आकडे बघा.

१ डिसेंबर, रविवार

शनिवारी रात्री ओसीआर लावून गेलो होतो, सकाळी अपेक्षेपेक्षा बरंच कमी झालेलं. कारण डेबियनची महिन्याची तपासणी. महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास ती आपोआप सुरू होते, दोन्ही डिस्क पूर्ण वाचते आणि ताडून पाहते. बाकी काम आलं की ती मागे सरते, पण हेडची धावाधाव होतेच.

ही तपासणी बंद करायचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो पाळू नका. वर्षभर कुणी न उघडलेल्या फाइलखालचा सेक्टर खराब झाला असेल तर तो अशाच तपासणीत सापडतो आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त होतो. नाहीतर तो सापडेल तो दुसरी डिस्क गेल्यावर, भरणी चालू असताना. मिसमॅच-काउंट (दोन डिस्कमधल्या फरकांची मोजणी) शून्य आला. पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री ओसीआर लावायचं नाही, एवढं ठरवलं.

७ डिसेंबर, शनिवार

डिस्क जाण्याची रंगीत तालीम. ग्रंथपाल मॅडमना समोर बसवलं, कारण मी गावात नसेन तेव्हा हे त्यांनाच करावं लागेल.

एसडीसीला ‘फेल’ केलं, मग ‘रिमूव्ह’, मशीन बंद करून तार काढली. चालू केलं. एमडीस्टॅटमध्ये एक यू आणि एक अधोरेषा. फाइली सगळ्या उघडतात. दोन वाचकांचा वेग ३०० वरून थेट १०० च्या घरात, अपेक्षेप्रमाणे.

या अवस्थेत थोडं स्कॅनिंग करू दिलं, पाच-सहा जीबीचं. मग तीच डिस्क परत जोडून ‘री-अ‍ॅड’ केलं. बिटमॅपमुळे कर्नलला ठाऊक असतं की मधल्या काळात कुठे कुठे लिहिलं गेलं. तेवढेच भाग लिहून मिनिटभरात काम संपलं. नंतर एसडीसीवरचा सुपरब्लॉक (ही डिस्क मिररमधली आहे हे सांगणारी नोंद) पुसून ती जणू नवी डिस्क आहे असं धरून ‘अ‍ॅड’ केलं. इथे बिटमॅप कामाचा नाही, पूर्ण भरणी, साडेआठ तास.

डिस्क ओळखायला मॅडमना एसडीबी-एसडीसी सांगून उपयोग नव्हता, तार बदलली की नावं बदलू शकतात. दोन्ही डिस्कच्या पुढच्या बाजूला अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक ठळक लिहून कागद चिकटवला. स्मार्टसीटीएल तोच क्रमांक दाखवतो. घाईत चांगली डिस्क उपसली जाणं हा सगळ्यात मोठा धोका आहे.

मेल, म्हणजे डिस्क गेल्याची सूचना. एमडीअ‍ॅडमच्या मॉनिटरने ‘टेस्ट’ पाठवली, आली नाही. ती मशीनवरच्या रूटच्या पेटीत पडून होती, जिथे कुणी कधी बघत नाही. एमएसएमटीपी (मेल बाहेर पाठवणारा प्रोग्राम) बसवलं, मेलसेवेचा अ‍ॅप पासवर्ड घेतला. आता मॅडमच्या आणि माझ्या फोनवर येते. ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी. मिररची एक डिस्क गेली तरी बाकी सगळं नेहमीसारखं चालतं, मेल आली नाही तर महिनोन् महिने कुणाला कळत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी जुनी, मशीन मधेच बंद पडलं. वीज आल्यावर अ‍ॅरेने रिसिंक सुरू केलं आणि बिटमॅपमुळे काही सेकंदांतच संपवलं. बिटमॅप नसता तर पूर्ण साडेआठ तास, आणि तेवढा वेळ वाचनही एका डिस्कवर. बिटमॅपमुळे लेखन किंचित हळू होतं, म्हणून काही जण तो काढतात. जिथे वीज जाते तिथे तो काढू नये.

यूपीएसची बॅटरी बदलली. वीज गेल्यावर पाच मिनिटांत मशीन स्वतःहून बंद होईल अशी जोडणी केली.

१५ डिसेंबर, रविवार

दोघे नेटवर्कवरून पानं कापतायत, आत टेसरॅक्टच्या दोन प्रक्रिया दोन वेगळ्या पुस्तकांवर. वाचकांना शंभराच्या आसपास मिळतंय, म्हणजे नेटवर्कची हद्दच. ओसीआरच्या चार प्रक्रिया करून पाहिल्या होत्या. प्रोसेसर तेवढाच, डिस्कवर मात्र उगाच गर्दी. दोनच ठेवल्या.

याच आठवड्यात एका अंकाचा फोल्डर चुकून पुसला गेला. मिररने तो इमानदारीने दोन्ही डिस्कवरून पुसला. तिचं काम तेच आहे. फोल्डर परत मिळाला तो यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कवरून. तिच्यावर दर शनिवारी संध्याकाळी आरसिंकने प्रत घेतली जाते, नाव जुळून मजकूर बदललेला असेल तर जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये राहते, आणि मूळ मशीनवर पुसलेलं तिथे आपोआप पुसलं जात नाही. प्रत घेऊन झाली की मॅडम ती डिस्क घरी घेऊन जातात. दुसऱ्या बाहेरच्या डिस्कचे पैसे नव्या आर्थिक वर्षात मागायचे आहेत. ती आली की दोन्ही आलटून पालटून, म्हणजे एक कायम वाचनालयाच्या बाहेर राहील.